तेरड्याचा रंग

श्रावणातील शेवटच्या रविवारी, दुपारचे जेवण आटोपून आम्ही नानांच्या ओटीवर सुपारी कातरीत बसलो असता, पश्चिमेच्या भिंतीचा एक तळहाताएवढा पोपडा, कोणाचाही हात लागला नसताना, आपणहून सुटून झोपाळ्याच्या फळीवर येऊन पडला. आणि गेले आठ दिवस जो वाद त्या घरात दबक्या आवाजात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणि न्हाणीच्या वाटेवर चालला होता, त्याची सुनावणी त्या क्षणापासून उघड्यावर सुरू झाली.

नाना हे रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात हयात घालवून नाजर या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीला वीस वर्षे लोटली तरी कचेरीची भाषा त्यांच्या जिभेवरून उतरलेली नाही. घरातले मीठ संपले तर ते ‘मिठाची शिल्लक निरंक’ असे सांगतात आणि मांजराने दूध सांडले तर पंचनाम्याची मागणी करतात. भाट्याच्या खाडीपलीकडे नारळी-पोफळीच्या आगरात उभे असलेले त्यांचे चौपाखी घर त्यांच्या आजोबांनी, ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी सरकारने रत्नागिरीत राजवाडा बांधविला त्याच सुमारास, जांभ्या चिऱ्याने बांधले. त्यांची पुतणी मुंबईस असते, जे. जे. मधून शिक्षण घेऊन तिने गृहसजावटीचा व्यवसाय आरंभला आहे, आणि लोकांच्या दिवाणखान्यांना कोणता रंग द्यावा, पडदे कोणत्या नक्षीचे असावेत, कोपऱ्यात दिवा ठेवावा की कुंडी, याचा सल्ला देऊन ती उत्तम चरितार्थ चालविते. (नाव छापलेले तिला खपणार नाही, म्हणून या लेखापुरती ती पुतणीच.) दरवर्षी चतुर्थीच्या आधी ती येते, दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा ओटीची ही पश्चिमेची भिंत तिने मोरपंखी करविली होती. यंदा तिने रंगांचे शेडकार्ड आणले होते, नक्षीदार अभ्र्यांचे गाठोडे आणले होते, वेताचे दोन दिवे आणले होते; आणि नानांची या तिन्ही बाबींस हरकत होती.

“मोरपंखी रंगाने भिंतीशी फारकत घेतली,” पोपडा अलगद उचलून पानाच्या तबकात ठेवीत नाना म्हणाले. “हा मुद्देमाल म्हणून दाखल होईल. कोणी केरात टाकू नये.”

“दाखल करा, काका,” पुतणी म्हणाली. “पण आरोपी कोण ते अजून ठरायचं आहे.”

“आरोपी फॅशन. दुसरा कोण? माझ्या आजोबांनी हे घर बांधले तेव्हा रंग कोणता द्यावा हा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवलाच नाही. चिरा ज्या खाणीतून निघाला तिने त्याचा रंग ठरवूनच पाठविला होता. खांब-तुळया फणसाच्या आणि ऐनाच्या, त्या चुलीच्या धुराने आणि माणसांच्या हातांनी काळवंडत गेल्या. चुना खाडीतल्या शिंपल्यांचा, म्हणून पांढरा. कडेने कावेचा पट्टा. आणि पायाखाली सारवलेली भुई. सगळे रंग या पंचक्रोशीतले. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले तरी डोळ्यांपुढे तेच रंग असत, म्हणून ते कधी डोळ्यांवर आले नाहीत. तुझ्या मोरपंखी रंगाची या मुलखात वहिवाट काय?”

“मोराची आहे.”

“मोरसुद्धा पावसाळा सरला की पिसारा गाळून टाकतो. भिंतीला ती सोय नाही.”

येथे जांभ्याविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व वादाचे मूळ त्या दगडाच्या स्वभावात आहे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेच्या लॅटिन नावावरून. आणि ते यथार्थही आहे, कारण खाणीत असताना जो दगड हत्याराने सहज तासता येतो तोच वारा लागल्यावर विटेसारखा कठीण होतो. त्याचा तांबडेपणा हा त्यातील लोहाचा गंज होय. त्याच्या अंगभर छिद्रे असतात. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढे उन्हाने तापला की तेच पाणी हळूहळू सोडून देतो. ज्या शहरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, तेथे भिंतीने घेतलेल्या पाण्याला परतीची वाट मोकळी असणे किती अगत्याचे आहे हे सांगावयास नको. चुना ती वाट अडवीत नाही. शिंपले भाजून आणि विरवून केलेला चुना भिंतीवर चढला की हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, तथापि त्यातून वाफेला ये-जा करता येते. शिवाय त्याच्या दाहकतेमुळे बुरशीही सहसा धरत नाही. तेलरंगाचा किंवा हल्लीच्या इमल्शनचा पापुद्रा मात्र चिऱ्याच्या भिंतीवर मेणकापडासारखा बसतो. आतले पाणी क्षारांसह त्याच्या पाठीमागे कोंडते, भिंतीला लोणा लागतो, रंग फुगतो आणि श्रावणातल्या एखाद्या रविवारी झोपाळ्यावर येऊन पडतो.

पुतणीला हे ठाऊक नव्हते असे नव्हे. तिने ती चूक तेथेच कबूल केली: मुंबईच्या काँक्रीटच्या भिंतीवर जो रंग दहा वर्षे टिकतो तो येथेही टिकेल असे आपण धरून चाललो, असे ती म्हणाली. पण कबुलीजबाब देऊन ती थांबली नाही.

“रंग चुकला, काका; पण रंग बदलण्याची इच्छा चुकली असं मी म्हणणार नाही. तुमचं म्हणणं असं, की हे घर फॅशनच्या बाहेर जन्माला आलं. जरा वर छपराकडे पाहा. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी कधी मंगलोरी कौल पाहिलं होतं? ते गवताखाली नाहीतर कुंभाराच्या नळ्यांखाली राहिले. बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं गलबतांत भरून किनाऱ्याकिनाऱ्यानं बंदरोबंदरी उतरू लागली. ज्याच्या घरावर मंगलोरी कौल तो खाशी असामी, असं गाव म्हणू लागला. ती फॅशनच होती. माजघरातली ती लक्ष्मी आणि सरस्वती? राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईस निघाला १८९४ साली. त्याच्या आधी या कोकणात किती भिंतींवर लक्ष्मी कमळात उभी होती? आणि आढ्याला टांगलेल्या या काचेच्या हंड्या भाट्याच्या खाडीत सापडल्या का?”

नानांनी हंड्यांकडे पाहिले. त्यांतली एक निळी आहे, दुसरी गुलाबी. दोन्हींत गेल्या पन्नास वर्षांत वात पेटलेली नाही, पण दर दिवाळीस त्या उतरवून रिठ्याच्या पाण्याने धुतल्या जातात.

“त्या आगबोटीने मुंबईहून आल्या,” ते म्हणाले. “आजोबांचा धाकटा भाऊ गिरणीत होता. पण भेद ध्यानात घे. कौल आले ते पावसाची फिर्याद मिटवायला आले. हंडी आली ती उजेड द्यायला आली. लक्ष्मी आली ती हात जोडायला आली. प्रत्येक वस्तूस काही कामगिरी नेमून दिलेली होती. तुझ्या त्या उशांची कामगिरी कोणती? पाठीला टेकायला घेतली तर तू म्हणतेस, काका, चुरगळेल.”

यावर मलाही हसू आवरले नाही. उशी टेकण्यासाठी नसून पाहण्यासाठी असते, हा विचार पचावयास आमच्या पिढीला अंमळ जडच जातो.

“आणि त्या उशांवरची नक्षी कोठली?” नानांनी उलटतपासणी पुढे चालविली.

“मोरोक्कोची. हल्ली फार चालते.”

“परदेशीच्या नक्षीला इथे काय जागा?”

“असं रत्नागिरीकरानं विचारावं? तुमच्या गावची पाहुण्यांना दाखवायची पहिली वस्तू कोणती? थिबा राजवाडा. त्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम ब्रह्मदेशी धाटणीचं, तावदानांना रंगीत काचा. तो राजवाडा आज कोणाला परका वाटतो?”

वाद या ठिकाणी आला तेव्हा पावसाची एक जोराची सर आली, पडवीच्या पन्हळीतून पाणी धो धो कोसळू लागले आणि दोघांनाही काही वेळ थांबावे लागले. मला तो राजवाडा डोळ्यांपुढे दिसू लागला. १८८५ साली मंडाले गमावलेला तो तरुण राजा, राणी आणि मुलींसह १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवला गेला. आणि वीसहून अधिक वर्षे दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० साली त्याला स्वतःचा असा तो तीन मजली लाल वाडा मिळाला. त्यात तो पुरती सात वर्षेही राहिला नाही. १९१६ च्या डिसेंबरात तो तेथेच निवर्तला. समुद्राकडे उघडणाऱ्या त्या उंच जागेवर सायंकाळी रंगीत काचांतून येणारे ऊन फरशीवर पडलेले ज्याने पाहिले आहे त्याला, निव्वळ शोभेची वस्तू म्हणजे निरुपयोगी वस्तू, हा नानांचा सिद्धांत सरसकट मान्य करता येणार नाही. त्या उन्हाचा काहीही उपयोग नसतो.

सर ओसरल्यावर नाना बोलले, आणि हे मान्य केले पाहिजे की ते फार चांगले बोलले.

“राजाने परकी नक्षी आपल्या घरात आणली नाही, पोरी. त्याने आपले घर परक्या गावात आणले. ते कोरीवकाम त्याच्या बालपणाचे होते. बादशाही गेली, मुलूख गेला, तेव्हा निदान खिडकी तरी आपल्याकडची असावी, एवढीच त्याची दरखास्त. तू मोरोक्को आणतेस ते कोणाच्या आठवणीसाठी?”

पुतणी थोडा वेळ निरुत्तर झाली. मग ती म्हणाली, “कोणाच्याच नाही. दुकानात स्वस्त मिळाली.”

तिच्या सचोटीचा एक गुण मी मनाशी मांडून ठेवला. पण लगेच तिने सावंतवाडीचा मुद्दा काढला. गंजिफांची गोल पाने रंगविण्याची कला तेथे मरणपंथास लागली होती. संस्थानिकांच्या घराण्यातील सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती वृद्ध चिताऱ्याकडून शिकून, राजवाड्यात माणसे बसवून, पुन्हा उभी केली. आता गंजिफा खेळणारे किती राहिले? पण तीच दशावताराची चित्रे तबकांवर, डब्यांवर, चौरंगांवर उतरली आणि शोभेसाठी घरोघर गेली, म्हणून ती काढणाऱ्या हाताला काम राहिले. “फॅशननं मारलेल्या कला तुम्ही मोजता, काका, फॅशननं जगवलेल्याही मोजा.” नाना यावर एवढेच म्हणाले, की वारल्यांच्या लग्नाचा चौक गिरणीच्या चादरीवर छापून त्यावर माणसे लोळताना त्यांनी पाहिली आहेत, आणि त्या चादरीच्या नफ्यातला एक आणाही डहाणूला पोचल्याचे त्यांच्या ऐकिवात नाही. हे दोन्ही खरे आहे, आणि त्या दोहोंची बेरीज कशी करावी हे मला सांगता येत नाही.

चहा आला. पुतणीने शेडकार्ड उघडले आणि, बहुधा नानांना डिवचण्यासाठीच, अमेरिकेतील पँटोन कंपनीची हकीकत सांगावयास घेतली. ही कंपनी जगभरच्या छापखान्यांना आणि कापडवाल्यांना रंगांचे क्रमांक पुरविते, आणि सन २००० पासून दरसाल एक रंग ‘वर्षाचा रंग’ म्हणून जाहीर करते. पहिल्या वर्षी तिने आकाशी निळा निवडला होता. मग त्या रंगाच्या उशा निघतात, पेले निघतात, भिंती निघतात.

“दरसाल रंगाची नेमणूक?” नानांनी कप खाली ठेवला. “मुदत एक वर्ष, आणि मुदत भरताच बडतर्फ? मग आदल्या वर्षीचा रंग ज्याने भिंतीला दिला त्याने काय करावे? बरे, अलीकडे कोणाची नेमणूक झाली आहे?”

“२०२५ सालचा रंग होता मोका मूस. हा पाहा.” तिने कार्डावरील एक चौकोन दाखविला.

नानांनी चष्मा लावला, चौकोन उजेडाकडे धरला, आणि त्यांच्या मुद्रेवर जो आनंद उमटला तो मी त्यांना बढती मिळाल्याच्या दिवशीही पाहिला नव्हता.

“हे सारवण आहे,” ते म्हणाले.

खरोखरच ते सारवण होते. ओली भुई अर्धवट वाळत आली असता तिला जो मऊ, किंचित तांबूस, तपकिरी रंग येतो तोच तो. फरक असलाच तर इतकाच की या चौकोनाला वास नव्हता.

“आणि २०२६ चा?”

“क्लाउड डान्सर,” पुतणी नाइलाजाने म्हणाली. “पांढरा.”

“म्हणजे चुना! आधी सारवण, मग चुना! अगं, ऐकलेस का?” नानांनी माजघराकडे तोंड करून हाक दिली. “तुझ्या सासूबाईंच्या घराला अमेरिकेची मंजुरी आली. शंभर वर्षे उशिरा आली, पण आली!”

नानांच्या पत्नी माई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. त्यांनी कार्डावरचा चौकोन पाहिला, नानांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि जे बोलल्या ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. कारण त्या दुपारी झालेल्या सर्व भाषणांत माझ्या मते तेच सर्वांत वजनदार होते.

“सारवणाचं कौतुक तुम्ही करू नका. गेली तीस वर्षं या घरात लादी आहे. तुमच्या लक्षात तरी आहे का? त्याआधी वीस वर्षं मी ही ओटी, माजघर आणि पडवी सारवली. गोठ्यातून शेण आणायचं, माती चाळायची, लगदा करायचा, आणि उलट्या पावलांनी मागं सरत सरत दारापर्यंत यायचं. तोवर कोणी ना कोणी ओल्या भुईवरून चालत जायचंच, बहुतेक तुम्हीच. पावसात भुई उलायची, पायांच्या बोटांत चिखल्या व्हायच्या. पाऊस गेला की अंगण करायचं, चोपण्यानं चोपायचं. सारवणाला काळा रंग यावा म्हणून टॉर्चच्या जुन्या सेलची पूड घालायचो आम्ही बायका. सासूबाईंना ते आवडायचं नाही, त्या म्हणायच्या, ही कसली नवी थेरं. ज्या दिवशी लादी बसली त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. आता तोच रंग अमेरिकेतून डब्यात येत असेल तर येऊ दे. डब्यातलं सारवण कंबर मोडत नाही.”

नाना काही बोलले नाहीत. मीही पायाखालच्या लादीकडे प्रथमच नीट पाहिले. जुन्या घराची थोरवी गाणारे आम्ही पुरुष ज्या साधेपणाची तारीफ करतो, त्या साधेपणाचा जमाखर्च दुसऱ्याच कोणाच्या वहीत लिहिला गेलेला असतो. आणि ती वही आम्ही कधी मागविलेली नसते.

त्या शांततेत पुतणीने तबकातला पोपडा उचलला. तो तिने सहज उजेडात आडवा धरला, आणि मग एकाएकी ती सरळ बसली.

“काका, मुद्देमालाची तपासणी झालेली नाही. याची कड पाहा.”

आम्ही तिघेही वाकलो. पोपड्याची तुटलेली कड म्हणजे जणू एखाद्या दफ्तराचे रुमालात बांधलेले कागद होते. सर्वांत वर मोरपंखी, नखाच्या पापुद्र्याएवढा. त्याखाली पांढऱ्या पुट्टीचा थर. त्याखाली जाड, चकचकीत, फिकट हिरवा. त्याखाली निळीची झाक असलेला चुना, आणि तो एक थर नव्हे तर वहीच्या पानांसारखे एकावर एक बसलेले कितीतरी, दर वर्षाच्या सफेदीचा एकेक. आणि अगदी तळाशी, बोट लावताच बोटाला लागणारी, विटकरी काव. भिंत आपले सारे दस्तऐवज स्वतःपाशी ठेवून बसली होती.

“हा हिरवा कोणाचा?” पुतणीने विचारले.

नानांनी चष्मा काढून पुसला. उत्तर माईंनी दिले.

“आमच्या लग्नाचा. पिस्ता. चौऱ्याहत्तर साली.”

मग सर्व हकीकत बाहेर आली. त्या काळी न्यायालयातल्या एका साहेबांच्या बंगल्यात नानांनी पिस्ता रंगाची तेलरंगाची भिंत पाहिली होती, आणि तीवर ते इतके लुब्ध झाले, की लग्नाआधी महिनाभर पगाराची उचल घेऊन त्यांनी ओटीला तोच रंग देवविला. मुंबईस १९४२ साली निघालेल्या एशियन पेंट्सच्या डब्यावर तेव्हा हातात कुंचा घेतलेला एक खट्याळ मुलगा असे, तो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढून दिलेला ‘गट्टू’. तो रिकामा डबा पुढे कित्येक वर्षे माईंच्या तुळशीला पाणी घालण्यास उपयोगी पडला. नानांच्या वडिलांना मात्र तो रंग मुळीच रुचला नव्हता. भिंतीला रेनकोट घातलास, असे ते म्हणाले, आणि आठ दिवस मुलाशी बोलले नाहीत.

“रेनकोट,” पुतणी पुन्हा म्हणाली. “बरोबर तोच शब्द. म्हणजे लोणा माझ्या मोरपंखीपासून नाही लागला, काका. पन्नास वर्षांपूर्वीपासून लागतो आहे.”

“तेव्हा सगळेच तसा रंग देत असत,” नाना क्षीण स्वरात म्हणाले, आणि हे वाक्य आपण कोणाच्या बाजूचे बोललो हे त्यांच्या लगेच ध्यानात आले.

विजय हाती आला असता तो दाबून धरणे पुतणीला सहज शक्य होते; पण तिने उलटच केले. “फॅशनविरुद्धचा सर्वांत मोठा साक्षीदार तुम्हाला ठाऊक नाही,” ती म्हणाली, “तो मीच हजर करते.” शेले नावाच्या स्वीडिश रसायनज्ञाने १७७५ साली तांबे आणि सोमल यांच्या संयोगाने एक हिरवा रंग सिद्ध केला. तो इतका टवटवीत होता, की पुढील शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांच्या भिंतींवर त्याच्या वेलबुट्टीचे कागद लागले. त्या ओलसर हवेत कागदाला बुरशी धरली, की त्यातील सोमलाचा विषारी वायू होऊन खोलीत पसरे. आणि फॅशनेबल शयनगृहांत निजणारी माणसे कशाने आजारी पडतात याचा थांग कित्येक वर्षे लागला नाही. “तेलरंगात शिसं असायचं, तेही त्यातलंच. घरगुती रंगात दशलक्ष भागांत नव्वद भागांहून अधिक शिसं नको, हा नियम आपल्याकडे झाला २०१६ साली. म्हणून तुमचा पिस्ता कोरडा खरवडायचा नाही. पाणी मारून, तोंडाला फडकं बांधून, आणि मुलांना लांब ठेवून काढायचा.”

“तू माफीची साक्षीदार झालीस,” नाना संतोषाने म्हणाले, आणि त्यांचा आवाज पूर्ववत झाला. “म्हणूनच आपले लोक म्हणत आले, तेरड्याचा रंग तीन दिवस.”

माई सुपारीचे तबक उचलता उचलता थांबल्या.

“आपली गौर कशाची असते?”

“तेरड्याची,” नाना म्हणाले.

“किती दिवस असते?”

नानांनी उत्तर दिले नाही. कोकणात गौर आणतात ती रानातल्या तेरड्याच्या रोपांची. आवाहन, पूजन आणि विसर्जन, असे तिचे मुक्कामाचे तीनच दिवस. ज्या रंगाच्या नावाने आम्ही क्षणभंगुरतेला हिणवितो, त्याच रंगाला दरवर्षी साडी नेसवून, दागिने घालून, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवितो, हे माझ्याही आजवर कधी ध्यानात आले नव्हते.

पुतणीने ते धागे लगेच जुळविले. गणपतीवर टांगावयाची माटवी तिला आठवली: लाकडी चौकटीला आंब्याचे टाळ, सुपारीचे घोस, कवंडळांची लालभडक फळे, नारळ, रानातली सगळी हिरवळ. याहून भपकेदार सजावट मुंबईच्या कोणत्या दिवाणखान्यात आहे, असे तिने विचारले. आणि तरी गणपती गेले की ती उतरते. भिंतीला तिचा ओरखडाही राहत नाही. “या घराला दरसाल नवं रूप हवंच असायचं, काका. फक्त ते काढता यायचं.”

“म्हणजे फॅशनला मुदतीचा पट्टा द्यावा, मिरास देऊ नये,” नाना म्हणाले.

हा फैसला मला मान्य झाला. माझ्या स्वतःच्या बैठकीत मुलाने छताला प्लास्टरचे नक्षीकाम करविले आहे, आणि त्याच्या पोटात पाल शिरली तर ती काढावयास गवंडी बोलवावा लागतो. तेव्हा खुंटीला जे टांगता येते ते भिंतीत चिणू नये, एवढे शहाणपण मी किंमत मोजून मिळविलेले आहे. पडदा, अभ्रा, दिवा, चटई यांना वाटेल तो रंग असावा, अगदी मोरोक्कोचासुद्धा. त्यांचा कंटाळा आला तर ट्रंक आहे. भिंतीला ट्रंकेत ठेवता येत नाही.

पण व्यवहार अजून उरलाच होता. चिऱ्यापर्यंत भिंत खरवडून तिला पुन्हा चुना द्यावा, हे दोघांनी एकमताने ठरविले. चुनकळी कोठून आणावी, नीळ किती घालावी, डिंक घालावा की नाही, कावेचा पट्टा वीतभर असावा की टीचभर, यावर त्यांचे अर्धा तास सख्य झाले. माई ते सगळे उभ्यानेच ऐकत होत्या.

“चुना भिजत कोण घालणार? आणि कुंचा कोण धरणार?” त्यांनी विचारले. “ठराव झाला, आता नावं सांगा. मी या वर्षी फक्त मोदक करणार आहे.”

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम गेलो. नाना अंगरखा काढून, डोक्याला पंचा गुंडाळून, स्टुलावर उभे होते आणि पुतणी खालून बालदी धरून होती. दोघांच्याही कोपरापर्यंत चुना पोचला होता, आणि डाव्या कोपऱ्यातला पिस्ता काही केल्या निघत नव्हता. झोपाळ्यावर मोरोक्कोच्या नक्षीची उशी डोक्याखाली घेऊन माई निजल्या होत्या. चुन्याचे तीन हात द्यावयाचे ठरले होते. पावसाने भिंत वाळू दिली नाही, आणि चतुर्थीपर्यंत दोनच झाले.